काळी माती पसरली की तळं गळत नाही?

‘खड्ड्यात काळी माती पसरा, पाणी सोडा, तळाशी अंथरायच्या प्लॅस्टिकच्या कागदाचा खर्च वाचवा’ असा सल्ला सध्या फिरतोय. तो अर्धाच खरा आहे.

काळी माती ओली असताना फुगते आणि पाणी अडवते, हे बरोबर. पण तीच माती वाळली की आकसते. मार्च-एप्रिलमध्ये पातळी खाली गेली की उघड्या पडलेल्या काठांना भेगा पडतात आणि पहिल्या पावसाचं पाणी त्यांतून खाली जातं. मुरमाड जमिनीत तर नुसत्या पसरलेल्या मातीचा काहीच उपयोग नाही. माती ओलसर करून, १५-१५ सेंटीमीटरचे थर देत, प्रत्येक थर धुम्मसाने (माती ठोकून घट्ट करायच्या जड अवजाराने) चोपावा लागतो. हे कष्टाचं काम आहे आणि सल्ल्यात नेमकं तेच गाळलंय! बेंटोनाइट (पाण्यात खूप फुगणारी चिकणमाती) मिसळलं तर गळती आणखी कमी होते, पण चोपणं त्यातही सुटत नाही.

शेततळ्यांना ५०० मायक्रॉनचा, म्हणजे अर्धा मिलिमीटर जाडीचा कागद वापरतात. परसातल्या लहान तळ्यालाही तो चालतो. मात्र आधी दगड आणि मुळं वेचून काढा, उतार सौम्य ठेवा, कडा वरच्या चरात पुरा.

आणि पातळी घटली म्हणजे गळतीच, असंही नाही. उन्हाळ्यात रोज ८-१० मिलिमीटर पाणी नुसतं वाफ होऊन जातं. तळ्याच्या पाण्याने भरलेली बादली तळ्यातच, काठ वर राहील अशी ठेवा. दोन-तीन दिवसांनी दोन्हीकडची घट मोजा. तळ्यातली जास्त असेल, तरच दुरुस्तीला हात घाला.