'किल्ड' म्हणजे मारले कोणी?

खंबाटकी घाटातल्या अपघातात तिघे ठार झाल्याच्या बातमीविषयी कोणालाच नव्याने काही सांगायचे नव्हते. पण इंग्रजी वर्तमानपत्राच्या मथळ्यावर आमच्या सरांनी बोट ठेवले आणि साताऱ्यातल्या गोलबागेच्या कठड्यावर ठेवलेला चहा तिथेच निवला.

"'थ्री किल्ड' असे छापले आहे. मला सांगा, यांना मारले कोणी? अपघातात माणूस मरतो, त्याला कोणी मारत नाही. 'डाइड' लिहायला काय हरकत होती?" असे विचारून सरांनी चष्मा कपाळावर सरकवला. चष्मा कपाळावर गेला की सर वर्गात असतात. निवृत्तीनंतर वर्ग तेवढा राजवाड्यासमोर भरतो.

शिवा क्रेनवाला मात्र या वर्गात गप्प बसणारा नव्हे. खंबाटकीचा बोगदा संपल्यावर पुण्याच्या दिशेने उतरताना लागणाऱ्या एस आकाराच्या वळणावरून त्याने किती वाहने उचलली, याची गणती त्यालाही नसेल. तो म्हणाला, "सर, माझी आजी न्यूमोनियाने गेली, ती 'डाइड'. ज्याच्या अंगावर कंटेनर उलटला, त्याला कोणता आजार होता? तुमचे क्रियापद वाचून वाटते की तो गृहस्थ वळणापर्यंत आला आणि त्याला मरावेसे वाटले."

"आमच्या वेळी 'एक्सपायर्ड' लिहीत असत. किती सभ्य शब्द होता तो!"

"एक्सपायर माझे परमिट होते, सर. पैसे भरले की ते पुन्हा जिवंतही होते."

माझे मत शिवाच्या बाजूचे आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. इंग्रजीतल्या 'वॉज किल्ड'ला मारेकरी लागत नाही. भूकंप, दरड, वीज, ट्रकचे चाक, काहीही चालते, आणि मारेकरीच सांगायचा असेल तर 'मर्डर्ड' हा वेगळा शब्द आहे. 'डाइड' अशुद्ध नाही, परंतु आजार, म्हातारपण आणि अपघात या तिघांनाही ते एकाच मापाने मोजते, तर 'किल्ड' मरण बाहेरून आले आणि बहुधा तत्काळ आले, एवढे तरी सांगते. जखमी माणूस चार दिवसांनी रुग्णालयात मरण पावला, तर तेथे 'डाइड ऑफ हिज इंज्युरीज' हेच योग्य, आणि आपली इंग्रजी वर्तमानपत्रे तेथे हौसेने 'सकम्ड' लिहितात. सरांची भीती मला मराठीतून आलेली वाटते. आपल्याकडे 'ठार' हा शब्द एकच असला, तरी 'ठार झाले' आणि 'ठार केले' यांतला फरक होणे-करणे ही क्रियापदे सांभाळतात. इंग्रजीत तशी सोय नसल्यामुळे 'किल्ड' दिसताच सरांना 'केले' ऐकू येते. वास्तविक मराठीतही रोगी दगावतो, जनावर दगावते, पण घाटात तिघे दगावले असे कोणी लिहीत नाही.

नंदू वकिलाने मध्येच कायदा काढला. जुन्या दंडविधानातले कलम 304-अ असो किंवा 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या न्याय संहितेतले कलम 106 असो, दोन्हींत निष्काळजीपणाने 'मृत्यू घडवून आणणे' अशीच भाषा आहे, 'किल' नाही, हे त्याने सांगताच सरांनी विजयी मुद्रेने सर्वांकडे पाहिले.

"कायद्याला सवड असते," शिवा म्हणाला. "त्याला पुढची तारीख मिळते. मथळ्याला दोन शब्दांपुरतीच जागा मिळते."

नंदूनेही लगेच पक्ष बदलला, हे त्याच्या व्यवसायाला धरूनच झाले. त्याने 'इलेक्ट्रोक्यूट'चा दाखला दिला. हा शब्द 1889 च्या सुमारास अमेरिकेत विजेच्या खुर्चीसाठी 'एक्झिक्यूट'ला जोडून घडवला गेला आणि 1890 मध्ये न्यूयॉर्क राज्यात त्या खुर्चीवर पहिला माणूस बसवला गेला. आज शेतातल्या मोटारीची वायर लागून कोणी गेला, तरी तोच शब्द वापरतात, आणि शिक्षा कोणत्या न्यायाधीशाने सुनावली असे कोणी विचारत नाही.

सर चहाकडे पाहू लागले, तेव्हा शिवाने खरी थकबाकी काढली. आठवीत 'माझे आजोबा' हा इंग्रजी निबंध होता. त्याचे आजोबा 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे कोयनानगरच्या भूकंपात भिंतीखाली सापडले. शिवाने 'वॉज किल्ड' लिहिले, सरांनी त्यावर लाल शाईने फुली मारली, समासात 'हू किल्ड हिम?' असे विचारले आणि दहापैकी तीन गुण दिले. ती वही त्याच्या आईने अजून ट्रंकेत ठेवली आहे.

कठड्यावर थोडा वेळ कोणीच बोलले नाही. मग सरांनी चष्मा कपाळावरून नाकावर आणला.

"गुण शब्दाचे नव्हते कापले. 'किल्ड'मध्ये तू एकच एल लिहिला होतास, हे मला आजही आठवते."

"म्हणजे शब्द बरोबर होता?"

"एक एल कमी होता," सर म्हणाले, आणि त्या दिवशीच्या सर्व चहांचे पैसे, आमच्या माहितीत प्रथमच, त्यांनी दिले.