लेग डे आणि सत्यनारायण

डॉक्टरांनी रिपोर्ट बघितला, चष्मा कपाळावर सारला आणि गोळ्या लिहितात त्याच कागदावर लिहून दिलं, आठवड्याला १५० मिनिटं दम लागेल असं चालणं-पळणं, आणि आठवड्यातनं दोनदा ताकदीचा व्यायाम. वय ४३, शुगर काठावर. "दोन्ही पाहिजे हां, एकावर भागणार नाही." मी विचारलं, जेवणाआधी का जेवणानंतर? ते हसले नाहीत.

घरी येऊन टाइमटेबल केलं आणि फ्रिजवर चिकटवलं. आता आमच्या साताऱ्यात सोमवारपासून रविवारपर्यंत सगळ्या वारांच्या पेठा आहेत, पण त्या पेठा निदान जागच्या हलत नाहीत. माझ्या टाइमटेबलातला सोमवार मंगळवारात घुसला, मंगळवार गुरुवारात, आणि शनिवार कुठं गेला ते अजून सापडलेलं नाही. बायको म्हणाली, "त्यापेक्षा रोज त्या त्या वाराच्या पेठेत चालत जाऊन भाजी आणा, गावाला एवढा चढउतार आहे, दोन्ही व्यायाम होतील." मी दुर्लक्ष केलं. नंतर कळलं की त्यात तथ्य होतं.

खरी भानगड मात्र टाइमटेबलाची नव्हती, माणसांची होती. माझा धाकटा मेव्हणा पळणाऱ्यांतला. साताऱ्यात दरवर्षी यवतेश्वर घाटात २१ किलोमीटरची हिल मॅरेथॉन होते, ती तो चार वेळा पळालाय आणि चारही मेडल हॉलमध्ये देवाच्या फोटोशेजारी लावलीत. तो म्हणतो, "दाजी, जिमनं माणूस जड होतो, आन् जड माणूस घाटात गळतो." इकडं जिमचा ट्रेनर, वय असेल पंचवीस, दंड माझ्या मांडीएवढा, तो म्हणतो, "सर, पळताय तुम्ही? मसल जाळताय मसल!" माझ्याकडं जाळण्याइतकं मसल आहे ही बातमी मला नवीनच होती, मी ती दोन दिवस मनात घोळवली.

आणि दोघांचंही खोटं म्हणावं तर आपला जिल्हा आडवा येतो. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव, १९५२ साली हेलसिंकी ऑलिम्पिकमधनं कुस्तीत ब्राँझ घेऊन आले, ते ताकदीचं. माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर २०१६ ला रिओत ३००० मीटर स्टीपलचेसच्या, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीच्या फायनलला पोचली, ते दमाचं. म्हणजे सातारा जिल्ह्यानं दोन्ही करून दाखवलंय, फक्त दोन वेगवेगळ्या माणसांकडनं करून घेतलंय. ते काम मी एकटा करायला निघालो होतो, ते पण ऑफिस सांभाळून.

मग रात्री मोबाईलवर शोधाशोध. तिथं एक अमेरिकन संशोधक सापडला, रॉबर्ट हिक्सन. त्यानं १९८० साली छापलेल्या प्रयोगात तीन गट केले होते, एक नुसती वजनं उचलणारा, एक नुसता पळणं-सायकलिंग करणारा, आणि एक दोन्ही करणारा. दहा आठवडे. तर दोन्ही करणाऱ्यांची ताकद सात-आठ आठवडे वाढली आणि मग वाढायची थांबून उतरायला लागली. मी उठून बसलोच, म्हटलं हे बघा, सायन्स! (हा गडी स्वतः वजनं उचलणारा, बॉसबरोबर पळायला जायला लागला आणि अंग उतरायला लागलं म्हणून त्याला ही शंका आली असं सांगतात. बॉसबरोबर पळून माणूस उतरतो यात शोधण्यासारखं काय आहे ते मला कळलं नाही.)

पुढं वाचल्यावर कळलं की ती माणसं आठवड्यातले पाच दिवस वजनं आणि सहा दिवस पळणं-सायकल करत होती. पाच आणि सहा अकरा, आठवड्याला वार सात. माझं दोन आणि दोन असं चाललेलं, ते पण कागदावर. म्हणजे हा प्रॉब्लेम माझ्यापर्यंत यायला मला अजून एक जन्म लागला असता. पण ते मी कुणाला सांगितलं नाही. पळायचा कंटाळा आला की मेव्हण्याला म्हणायचं, "कालच पाय मारलेत रे," (जिमच्या भाषेत पायांचा व्यायाम, म्हणजेच लेग डे), आणि जिमचा कंटाळा आला की ट्रेनरला म्हणायचं, "सकाळीच घाट केला." दीड महिना हे इतकं मस्त चाललं की कार्डिओ आणि स्ट्रेंथचा बॅलन्स म्हणतात तो हाच, असं मला वाटायला लागलं.

मग तो आठवडा आला. मंगळवारी संध्याकाळी जिममध्ये मी "सकाळीच घाट केला" म्हणायला आणि मेव्हणा पाच किलोची प्रोटीनची बरणी घ्यायला तिथं टपकायला एकच गाठ पडली. "दाजी, कुठला घाट?" ट्रेनरनं माझ्याकडं बघितलं, मेव्हण्याकडं बघितलं, आणि काही न बोलता बारला दोन्हीकडं अजून एकेक प्लेट लावली. स्क्वॉटचे पाच सेट, मग लंजेस, मग लेग प्रेस, सगळं पायांचंच. लेग प्रेसवर मी डोळे मिटले होते त्यामुळं वजन किती होतं सांगू शकत नाही. मेव्हणा शेजारी उभा राहून आकडे मोजत होता आणि जाताना म्हणाला, "उद्या पाचला न्यायला येतो."

आला. यवतेश्वरचा चढ मी अर्धा चालत, अर्धा बोलत काढला. बोलत म्हणजे तो बोलत होता, कारण त्याचा नियम असा की पळताना बोलता आलं पाहिजे पण गाता येता कामा नये, मग स्पीड बरोबर. त्यानं गोडोलीतल्या प्लॉटचे भाव सांगितले, मी "व्हय" एवढंच म्हणू शकलो. पण चढ ठीक होता हो, उतारानं घात केला. वरून खाली सातारा असं पसरलेलं दिसतं, समोर अजिंक्यतारा, गार वारा, आपोआप पाय सुटतात, आणि मी म्हटलं जमलं की मला हे, आणि सुटलो.

गुरुवारी संध्याकाळी आमच्याकडं सत्यनारायण. आईनं महिन्यापूर्वी गुरुजी ठरवलेले, यजमान मी. सकाळपासनं मी जिना उलटा उतरत होतो, म्हणजे तोंड भिंतीकडं करून, तसं जरा बरं पडतं. पाटावर बसायच्या वेळी अर्ध्या रस्त्यापर्यंत पाय होते, पुढचं अंतर मी देवाच्या भरवशावर पार केलं. धप्प आवाज आला, बायकोनं पदर सावरत नजर टाकली. एकदा मांडी घालून बसल्यावर मात्र बरं वाटलं, पाचही अध्याय निवांत झाले, आणि ही कथा संपू नये असं आयुष्यात पहिल्यांदा वाटलं.

मग गुरुजी म्हणाले, "आरतीला उभं राहा."

मी मनातल्या मनात उभा राहिलो. खाली काहीच हललं नाही. बायको उभी, आई उभी, पाहुणे उभे, निरांजन पेटलेलं. "अहो, उठा की." मी म्हटलं, उठतोय. मुलगा म्हणाला, "बाबा झोपले का?" सगळे बघतायत म्हटल्यावर मी हात लांबवला आणि जे हाताला लागलं ते धरून जोर लावला. ते केळीचं खुंट होतं, चौरंगाला सुतळीनं बांधलेलं. खुंट आलं माझ्याकडं, त्याच्यामागनं चौरंग, आणि चौरंगावरचा कलश नारळासकट कलला. पण सत्तरीला आलेले आमचे गुरुजी, सकाळपासनं तीन पूजा करून आलेले, पापणी लवायच्या आत उकिडवे बसले, कलश झेलला आणि कुठंही हात न टेकता सरळ उठून उभे राहिले. ट्रेनरनं ते बघितलं असतं तर तिथंच पाया पडला असता. आरती मी गुडघ्यावर बसून म्हटली. मावशी नंतर आईला म्हणाली, फार भाविक आहे गं तुझा मुलगा.

प्रसादाचा शिरा खाताना माझी चुलतबहीण, फिजिओ आहे ती, हसून हसून वाटी खाली ठेवायला लागली. मी ट्रेनरनं सांगितलेलं लॅक्टिक ॲसिडचं कारण पुढं केलं तर म्हणाली, ते तासा-दोन तासात जातं रे, हे स्नायूंच्या धाग्यांना बारीक बारीक इजा झाल्याचं दुखणं आहे, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच जास्त चढतं. उतारावर पळताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच ब्रेक लावत असतो, म्हणून उतार चढापेक्षा जास्त दुखवतो. आणि तू आदल्या संध्याकाळी पाय मारून दुसऱ्या पहाटे उतार सुटलास, शाबास. पाय मारल्यावर दोन दिवस साधं चाल, घाट लांब ठेव, हात-पाठ-खांदे करायचे तर कर. मेव्हणा पलीकडं शिरा खात होता, तो म्हणाला, "मी तेच सांगत होतो." तो तेच सांगत नव्हता.

सोमवारी फ्रिजवर नवा कागद लावला. त्यात मंगळवारी पाय, बुधवारी भाजी आणायला मंगळवार पेठेपर्यंत चालत, शुक्रवारी पाठ-खांदे, रविवारी घाट, उतार चालत. पाच आठवडे झाले, दोनदाच चुकलंय. ट्रेनर आणि मेव्हणा दोघंही नाराज आहेत.

परवा आई वास्तुपूजेची तारीख काढायला गुरुजींकडं गेली, मी गाडीवरून सोडायला. गुरुजींनी पंचांग उघडलं, बोट फिरवलं, एका गुरुवारवर थांबवलं, मग चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं.

"यजमान, पाय कुठल्या वारी असतात?"

मी म्हटलं, मंगळवारी.

गुरुजींनी बोट उचललं आणि पान उलटलं.