तरोट्याच्या भाजीने कुपोषण होत नाही

‘आदिवासी सरकारी आहारसूत्रं पाळत नाहीत, झाडपाला खातात, म्हणून त्यांची मुलं कुपोषित. त्यांना बिस्किटं आणि प्रोटीन पावडर द्या.’ हा मेसेज नागपुरातल्या आमच्या ग्रुपांवर कधीचा फिरतोय. मी सोडून देत होते. परवा मात्र मावशीने तो तिच्याकडे कामाला येणाऱ्या ताईंना वाचून दाखवला. ताई देवलापारकडच्या, गोंड आदिवासी. मावशीसाठी त्यांनी गावाहून तरोट्याची (म्हणजे टाकळ्याची, पावसाळी रानभाजीची) कोवळी पानं आणली होती, ओल्या फडक्यात बांधून. ती पिशवीतून बाहेर निघालीच नाहीत. जाताना मला विचारलं, “मंग पोराले हे देऊ नोको का, बाई?”

द्या ताई, खुशाल शिजवून द्या.

ही आहारसूत्रं हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेची आहेत, 2024 सालची, एकूण 17. त्यात 2000 कॅलरीच्या दिवसभराच्या आहारात 250 ग्रॅम धान्य आहे आणि भाज्या 400 ग्रॅम. धान्यापेक्षा भाजी जास्त! पालेभाज्या भरपूर खा, असं त्यात आहे, आणि तरोटा पालेभाजीच आहे. प्रोटीन पावडर टाळा, असंही त्याच पुस्तिकेत स्पष्ट लिहिलंय. बिस्किट म्हणजे मैदा, साखर, तेल; तेही कमी करायलाच सांगितलंय. म्हणजे सूत्रांचं नाव घेऊन नेमका उलटा सल्ला, आणि तोही जिला पावडरचा डबा परवडणार नाही अशा आईला. याचा मला संताप येतो.

‘शहरातले लोक सूत्रं पाळतात’ असंही त्या मेसेजमध्ये पुढे आहे, तेही खोटं. धान्यातून 45 टक्क्यांपेक्षा जास्त ऊर्जा नको, असं पुस्तिका म्हणते. देशात ती 50 ते 70 टक्के येते. आपल्याकडे सकाळी तर्री-पोहे, दुपारी पोळी आणि वर भात.

मोहाची फक्त दारूच होते, हाही मुद्दा आहे त्या मेसेजमध्ये. मोहफुलं वाळवून भाकरीत, लाडवात घालतात, एवढंच सांगते.

मेळघाटात, गडचिरोलीत कुपोषण आहे, ते मान्य. दूध-डाळ कमी पडते, तेही मान्य. पण रेशनवर माणशी महिन्याला 5 किलो मिळतं ते धान्य; डाळ विकतच घ्यावी लागते. म्हणून तर 2015 पासून अमृत आहार योजनेत आदिवासी भागातल्या गरोदर आणि स्तनदा मातांना एक वेळचं चौरस जेवण देतात. रानभाजी बंद करा, असं त्यात कुठेही नाही.

मावशी, तो मेसेज तू पुढे ज्या ग्रुपांवर टाकलास तिथे हेही टाक. आणि ताईंकडून तरोटा मागून घे. श्रावण सरला की तो निबर होतो.