"टेन्शन म्हणजे रिकाम्या डोक्याचा रोग" म्हणणाऱ्या मेसेजला माझं उत्तर

भावकीच्या ग्रुपवर आठ दिवसांत तीनदा आलेला तो मेसेज परवा शाळेतल्या मित्रांच्या ग्रुपवर बी आला, म्हणजे लईच फिरायलाय. त्यात लिहिलंय की जुन्या माणसांना डिप्रेशन माहीत नव्हतं, शेतात घाम गाळणाऱ्याला टेन्शन येतच नाही, मनाच्या गोळ्या खाल्ल्या की मेंदू बाद होतो आन् जन्मभराची सवय लागती, सेल्फ केअर, म्हणजे स्वतःसाठी वेळ काढणं, हे शहरातल्या बायकांचे चोचले, आन् शेवटी उपाय काय तर पहाटे पाचला उठा, कोमट पाणी प्या, चांगले विचार करा, २१ दिवसांत टेन्शन गायब. एकेक मुद्दा घेतो, कारण ह्या मेसेजपायी आमच्या घरातलं माणूस पुन्हा आजारी पडलं होतं.

जुन्या माणसांना नव्हतं म्हणे. माझे मामा सास्तूरचे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा ते पंचविशीत होते. आज बी ते घरात झोपत नाहीत, अंगणात बाज टाकतात, पावसाळ्यात पत्र्याच्या पडवीत. रात्री रस्त्यानं भरलेला ट्रक गेला आन् मांडणीतली ताटं वाजली की ताडकन उठून बसतात, मग मामी डोळे बी न उघडता म्हणती, "ट्रक हाय, झोपा." तीस वरसं उलटून गेली. मामांच्या तोंडून डिप्रेशन, ट्रॉमा असले शब्द कधी निघाले नाहीत, मग त्यांना काही झालंच नाही म्हणायचं का? आन् आपल्या आज्या जात्यावर बसून ओव्यांमधनं सासुरवास बोलून तरी घ्यायच्या, एकीला दुसरीची साथ असायची. ज्यांना ते बी जमलं नाही त्यांच्या अंगात यायचं, नाहीतर कुणी करणी केली म्हणायचे, आन् एखादी "विहिरीत पाय घसरून गेली" असं सांगितलं की सगळं गाव खाली मान घालायचं. ते काय होतं मग?

शेतात राबणाऱ्याला टेन्शन नाही, हे वाचून मला खरंच राग आला. मराठवाड्यात ऱ्हाऊन हे कोण फॉरवर्ड करू शकतंय? सोयाबीन काढायला आलं आन् पाऊस थांबंना, उभ्या शेंगांना कोंब फुटले, तिकडं बँकेचा फोन, घरात पोरीचं लग्न, ह्या माणसाला घाम कमी पडलाय व्हय? चालल्यानं, व्यायामानं मन हलकं होतं हे खरं आहे, डॉक्टर बी सांगतात, पण आपल्या मर्जीनं संध्याकाळी दोन किलोमीटर चालणं वेगळं आन् कर्जाचा हिशोब डोक्यात घेऊन दिवसभर वाकून कापूस वेचणं वेगळं. निम्हान्सनं, म्हणजे बंगळुरूच्या मनाच्या आजारांवरच्या सरकारी संस्थेनं, २०१५-१६ ला देशातल्या १२ राज्यांत सर्वेक्षण केलं, त्यात दर १०० मोठ्या माणसांत साधारण १० जणांना मनाचा काही ना काही आजार निघाला, आन् त्यातल्या बहुतेकांपर्यंत उपचार पोचलेच नव्हते.

आता गोळ्यांचं, इथं जरा थांबतो. माझ्या वहिनीनं दोन वर्षांमागं जेवण सोडल्यागत केलं होतं, पोरं शाळेला गेली की भिंतीकडं तोंड करून पडायची, "भावजी, मला कशातच करमंना झालंय" एवढंच म्हणायची. डॉक्टरनं आधी थायरॉईडचं रक्त तपासायला लावलं, कारण थायरॉईड कमी असलं तरी माणूस असंच सुस्त आन् उदास होतंय. मग गोळी सुरू केली आन् सांगितलं, पहिल्या आठवड्यात मळमळंल, गुण यायला दोन ते चार आठवडे लागतील, मनानं बंद करायची नाही. तिसऱ्या आठवड्यात ती स्वतःहून भाकरी टाकायला बसली. पुढं हा मेसेज आला, कुणीतरी तिला वाचून दाखवला, तिनं भिऊन एका दिवसात गोळ्या बंद केल्या. चार दिवसांत गरगरायला लागलं, डोक्यात करंट मारल्यागत व्हायचं, झोप गेली, आन् घरात सगळे म्हणले, बघा, सवय लागली होती की! तसं नसतंय. डिप्रेशनच्या गोळ्यांची दारूसारखी तलफ लागत नाही, पण त्या एकदम तोडायच्या नसतात, डॉक्टर डोस हळूहळू उतरवतात. झोपेच्या काही गोळ्यांची सवय लागू शकती, हे खरं आहे, म्हणून तर मेडिकलवरनं मनानं आणून खायच्या नाहीत. पण दोन्ही एकाच पोत्यात भरून लोकांना भिववायचं हे पाप आहे, मी स्पष्ट बोलतो.

पहाटे पाचचं म्हणाल तर, रात्री नऊला झोपणाऱ्यानं उठावं की. पण लातूरात क्लासला आलेलं पोरगं एक वाजेपर्यंत वाचतंय, त्याला पाचला उठवून काय मिळवायचं? मोठ्या माणसाला सात तास तरी झोप लागती, त्या वयात जास्तच. चांगले विचार करा हे बी तसंच, ज्याला विचार आवरंनात त्याला हे सांगून तो अजून स्वतःलाच दोष देतो. त्यापरीस श्वास घ्यायला जेवढा वेळ त्याच्या दीडपट वेळ सोडायला, असं पाचेक मिनिटं करून बघा, धडधड कमी होती. आन् तेवढ्यानं भागंना तर १४४१६ लावा, टेलि-मानस, सरकारची हेल्पलाईन, ऑक्टोबर २०२२ पासून आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतंय. लातूर, अंबाजोगाई, नांदेडच्या सरकारी मेडिकल कॉलेजात बी मनाचे डॉक्टर बसतात.

राहिले चोचले. वहिनीच्या गोळ्या पुन्हा सुरू झाल्या तेव्हा डॉक्टरनं घरच्यांना बोलवून सांगितलं, हिला दिवसातला अर्धा तास हिचा स्वतःचा द्या. आता दुपारी तीनला ती ओट्यावर बसती, कधी मोगरा ओवती, कधी नुसती बसती, आन् त्या वेळात तिला कुणी हाक मारायची नाही असं ठरलंय. चहा आई करती. परवा शेजारीण म्हणली, "काय गं, निवांत बसलीस आज?" तर वहिनीच्या आधी आतनं आईच बोलली, "बसू दे तिला."