सूज उतरली म्हणून गोळ्या बंद करू नका

इंदूरमधल्या आपल्या मराठी घरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. हार्ट फेल्युअर, म्हणजे हृदयाला शरीरभर पुरेसं रक्त पोहोचवता न येणं, क्वचितच होतं, तेही म्हातारपणी. धाप वयामुळे लागते. सैंधव मीठ चालतं. सूज उतरली की गोळ्या थांबवा, नाहीतर किडनी जाते. यातलं एकही खरं नाही, आणि शेवटचा सल्ला जिवावर बेतणारा आहे.

क्वचित? जगभरात सहा कोटींहून अधिक लोकांना हा आजार आहे. या आजाराच्या भारतातल्या राष्ट्रीय रजिस्ट्रीत, म्हणजे रुग्णांच्या नोंदवहीत, ५३ रुग्णालयांतले १०,८५१ रुग्ण नोंदले गेले. त्यांचं सरासरी वय ६० च्या आसपास होतं, म्हणजे कितीतरी जण नोकरीतले, संसारातले. नोंदलेल्यांपैकी सुमारे १४ टक्के ९० दिवसांत दगावले.

‘वय झालं, धाप लागायचीच’ या समजुतीचा मला फार राग येतो, कारण त्यात महिने वाया जातात. आडवं पडल्यावर श्वास कोंडणं, उशाला उशी वाढत जाणं, मध्यरात्री उठून बसावं लागणं, पावलं सुजणं हे निव्वळ वयाने होत नाही. वरच्या मजल्यावरची आजी जिना उतरायचं टाळते, मग तिचं हळदीकुंकू सुटतं, देवळात जाणं सुटतं. घरच्यांना वाटतं, आळस आलाय. आजोबा लग्नाला जायचं म्हणून सकाळची लघवीची गोळी चुकवतात, कारण हॉलवर दर अर्ध्या तासाने उठायची लाज वाटते. हे ओझं कुठल्याच रिपोर्टात दिसत नाही.

सैंधव हेही मुख्यतः सोडियम क्लोराइडच. पोह्यांवरची शेव, लोणचं, पापड यांतलं मीठही मोजायला हवं. ‘लो सोडियम’ मिठात पोटॅशियम असतं. या आजाराच्या काही गोळ्यांबरोबर ते धोक्याचं ठरू शकतं.

आता गोळ्या. त्या सुरू केल्यावर सुरुवातीला क्रिएटिनिन (किडनीचं काम कसं चाललंय ते दाखवणारा रक्तातला घटक) थोडं वाढू शकतं, म्हणून तर रक्त तपासतात. या आजारात देतात ते डॅपाग्लिफ्लोझिनसारखं औषध उलट किडनीची झीज मंदावतं. सूज उतरल्यावर लघवीच्या गोळीचा डोस कमी होऊ शकतो, पण तो डॉक्टरांनी ठरवायचा. बाकीच्या गोळ्या सूज उतरवण्यापुरत्या नसतात, हृदय सावरून धरायला असतात. २०१९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या एका चाचणीत, हृदयाचे स्नायू कमजोर होऊन पुन्हा सुधारलेल्या रुग्णांची औषधं हळूहळू थांबवली. सहा महिन्यांत ४४ टक्क्यांचा आजार परत आला.

रोज सकाळी लघवीनंतर, काही खाण्याआधी वजन करा. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं, तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा.