जानेवारीतला नामिबिया आणि कुनोचे चित्ते

मध्य प्रदेशातल्या कुनो राष्ट्रीय उद्यानात नामिबिया आणि दक्षिण आफ्रिकेतून आणलेल्या चित्त्यांचा विषय निघाला की व्हॉट्सॲपवर एक मजकूर हमखास फिरतो. नामिबिया म्हणजे नुसतं वाळवंट, जानेवारीत तिथे सगळीकडे ४५ अंश, पावसाचा थेंब नाही; असे कधी पाऊस न पाहिलेले चित्ते आपल्या पावसाळ्यात मरणारच!

आधी पाऊस. नामिबिया विषुववृत्ताच्या दक्षिणेला आहे. जानेवारी तिथला भर उन्हाळा आणि पाऊसही त्याच दिवसांतला. देशाच्या बहुतेक भागात वर्षभरातला बराचसा पाऊस जानेवारी ते मार्चमध्ये पडून जातो. दुपारपर्यंत कडक ऊन, मग ढग चढतात, गडगडाट होतो आणि सर कोसळते. आपल्या वळिवासारखीच तऱ्हा. ईशान्येला काटिमा मुलिलोकडे वर्षाला ६०० मिमीच्या वर, राजधानी विंडहूकला साधारण ३५०, दक्षिणेत कीटमन्सहूपला १५० च्या आसपास. किनाऱ्यावरच्या स्वाकोपमुंडला मात्र २० मिमीसुद्धा नाही. नामिब वाळवंट म्हणजे हा किनारपट्टा, आणि फोटो तेवढे तिथलेच फिरतात. या पावसाचा भरवसा नाही, हे मात्र खरं: २०१९ आणि २०२४ मध्ये तिथल्या सरकारला दुष्काळी आणीबाणी जाहीर करावी लागली.

आता ते ४५ अंश. दक्षिणेत ऑरेंज नदीच्या खोऱ्यात पारा चाळिशी ओलांडतो, नाही असं नाही. पण विंडहूक साडेसोळाशे मीटर उंचीवर. जानेवारीतली दुपार तिशीच्या आसपास. स्वाकोपमुंडला तर बेंग्वेला या थंड सागरी प्रवाहामुळे ऐन जानेवारीत दुपारी विशीच्या आसपास, वर धुकं. गंमत म्हणजे तिथले सर्वांत तापलेले दिवस बऱ्याचदा हिवाळ्यात येतात. जून-जुलैत पठारावरून समुद्राकडे उतरणारा पूर्वेचा वारा खाली येताना दाबाने तापतो आणि पारा तिशीपार नेतो.

राहिले चित्ते. नामिबियातले बरेचसे चित्ते वाळूत नव्हे, आतल्या ओत्जिवारोंगोसारख्या गवताळ-झुडपी भागात राहतात. तिथे पाऊस जवळपास आपल्या माण-आटपाडीइतका. त्यांना पाऊस चांगला ठाऊक असतो. अडचण झाली ती महिन्यांची. त्यांच्याकडे पाऊस उन्हाळ्यात येतो, तेव्हा अंगावरचे केस आखूड असतात. जून ते ऑगस्टची थंडी कोरडी, तेव्हा केस दाट होतात. कुनोत आल्यावरही शरीराने हेच वेळापत्रक पाळलं आणि दाट केस नेमके आपल्या पावसाळ्यात आले. ओल्या केसांखाली जखमा, त्यात अळ्या आणि मग रक्तात संसर्ग. २०२३ मध्ये तीन चित्ते असे दगावल्याचं प्रकल्पाच्या अधिकाऱ्यांनी सांगितलं होतं. त्यांतली एक मादी नामिबियाची. उरलेले दोन्ही नर दक्षिण आफ्रिकेतून आणलेले, त्यामुळे ‘नामिबियाचं वाळवंट’ हे कारण त्यांना मुळात लागूच होत नाही.