सदैव आपल्या सेवेत

फुकट मिळणाऱ्या टी-शर्टचं माप एकच असतं, एक्स्ट्रा लार्ज. तो कुणालाच बसत नाही, म्हणून सगळ्यांना चालतो. माझ्याकडचा एका वॉटर प्युरिफायर कंपनीचा आहे. प्रदर्शनात फॉर्म भरला, मोबाईल नंबर दिला, टी-शर्ट मिळाला. प्युरिफायर माझ्याकडे नाही. परवा रक्त तपासायला जाताना हाताला लागला तोच घातला आणि लॅबच्या बाकावर उपाशीपोटी टोकन धरून बसले.

शेजारच्या काकांनी आधी माझी बाही वाचली. मग मान वाकडी करून पाठ वाचली.

"बरं झालं, तुम्हीच भेटलात. गळतंय."

जागाच अशी की मला आधी भलतंच वाटलं.

"खालून गळतंय. तुमच्या माणसाने फिल्टर बदलला तेव्हापासून. लिहून घ्या."

"काका, मी त्या कंपनीत नाही."

"मग कुठल्या कंपनीत आहात?"

"त्याचा इथे काय संबंध? हा टी-शर्ट फुकट मिळालाय."

"कंपनी फुकट टी-शर्ट कुणाला देते? आपल्या माणसांनाच ना?" काकांचा तर्क पक्का होता. "पाठीवर काय लिहिलंय तुमच्या?"

"मला माझी पाठ दिसत नाही, काका."

"मी वाचतो." आणि त्यांनी अख्ख्या लॅबला ऐकू जाईल असं वाचलं, "सदैव! आपल्या! सेवेत!"

समोरच्या आजी लगेच सरसावल्या. त्यांच्याकडे लाल दिवा लागतो आणि विझतच नाही. कंपनी वेगळी आहे, पण तुम्ही लोक सगळे सारखेच, असं त्यांचं म्हणणं पडलं. काउंटरवरची मुलगी मला म्हणाली, "ताई, तुमचं कंपनीचं काम बाहेर जाऊन करा ना." म्हणजे एव्हाना माझी नेमणूक पक्की झाली होती, फक्त पगाराचं तेवढं ठरायचं होतं.

"तक्रार क्रमांक द्या," काका म्हणाले.

"माझ्याकडे क्रमांक नाही हो!"

"आहे की." त्यांनी माझ्या हातातल्या टोकनवर बोट ठेवलं, खिशातून डायरी काढली आणि तारीख टाकून लिहिलं : ३७. वर माझा फोटोही काढला, पुराव्याला. "मागच्या खेपेला तुमच्याच एकाने कानावर हात ठेवले होते," ते म्हणाले.

वस्तूंवर नाव छापून त्या फुकट वाटण्याच्या या सगळ्या प्रकाराचं मूळ अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या कोशॉक्टन गावात आहे असं सांगतात. १८८०च्या दशकात जॅस्पर मीक नावाच्या तिथल्या वर्तमानपत्रवाल्याचा छापखाना अधूनमधून रिकामा पडायचा. त्याने गोणपाटाची दप्तरं शिवून घेतली, त्यावर 'कँटवेलचे बूट घ्या' असं छापलं आणि शाळेच्या पोरांना वाटली. पोरं गावभर जाहिरात मिरवत फिरली. हे इथपर्यंत ठीक होतं, कारण कँटवेलचं दुकान त्याच गावात होतं. बुटाचा तळ उखडला तर माणूस सरळ दुकानात जाऊन बूट मालकापुढे आपटू शकत होता. दप्तरवाल्या पोराला गाठून तक्रार नोंदवायची गरज नव्हती.

दुकान हाताशी नसलं की लोक कंपनीचं नाव जिथे दिसेल तिथे धरतात. १९९२मध्ये ब्रिटनमध्ये हूवर कंपनीने १०० पौंडांच्या खरेदीवर विमानाची दोन तिकिटं फुकट देऊ केली. नको असलेले व्हॅक्युम क्लीनर घ्यायला झुंबड उडाली, तिकिटं मिळता मिळेनात आणि कंपनी सुमारे ५ कोटी पौंडांना बुडाली. तेव्हा एका गिऱ्हाइकाने घरी दुरुस्ती करायला आलेल्या हूवरच्या माणसाची गाडीच आपला ट्रक आडवा लावून अडवून ठेवली होती. मला त्याचं पूर्वी हसू यायचं. आता त्या गाडीबद्दल आपुलकी वाटते.

आणि खरं सांगू? काकांचा रागही येत नाही. ते हेल्पलाइनला फोन करतात, तर एक दाबा, दोन दाबा, मग गाणं, मग गाण्यातच फोन कट. कंपनीचं नाव लावलेला, ऐकू येणारा, पळून जाऊ न शकणारा जिवंत माणूस त्यांना पहिल्यांदाच सापडला होता. पेनं, मग, छत्र्या, किचेन यांवर नाव छापायला पैसा आहे. त्या नावाने फोन उचलायला एक माणूस ठेवायला मात्र नाही. माझा नंबर कंपनीला बरोबर पाठ आहे, विक्रीसाठी.

कारण काल त्यांचाच फोन आला. मी ऑफर ऐकूनच घेतली नाही, काकांची गळती सांगितली.

"मॅडम, हा मार्केटिंग विभाग आहे. सर्व्हिसचा नंबर टी-शर्टच्या बाहीवर आहे."

बाहीवरचे शेवटचे तीन आकडे दुसऱ्या धुण्यातच गेलेत. नाव मात्र ठणठणीत आहे.

मग फोनवरच्या मुलीने दोन मिनिटांचा अभिप्राय मागितला. दिला तर टोपी मिळणार आहे. टोपीच्या मागच्या बाजूला 'आम्ही ऐकतो' असं छापलेलं असतं, हेही तिने कौतुकाने सांगितलं.